एका डब्यातल्या गोळ्या

"मग माझ्या व्रतात पाप शिरलं तरी कुठून, माई?"

तुंगामाई मठाच्या ओसरीवर बसून वाती वळत होत्या. मांडीवर कापूस, बाजूला पाण्याचा तांब्या.

चैत्राचं ऊन अंगणात रणरणत होतं. अनसूयाबाई गावातून अनवाणी चालत आल्या होत्या. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"बोला ना, माई…"

"कुठलं व्रत म्हणालीस?"

आता बघा, साऱ्या गावाला जे ठाऊक, ते माईंना ठाऊक नसेल का? पण विचारलं, म्हणजे सांगणं आलं.

धाकटे दीर गेले, तेव्हा त्यांची बायको द्वारका अगदी कोवळी होती. माहेरी कुणी नाही, पदरी मूल नाही. दिवसकार्य आटोपलं आणि अनसूयाबाई, घरची थोरली सून, देवघरात गेल्या. कुलदेवीची ओटी भरली. पदर पसरून बोलल्या, "आई, आजपासून या घरात जे येईल, त्यातलं अर्धं द्वारकेचं. तिला दिल्याशिवाय माझ्या तोंडात घास जाणार नाही."

आणि व्रत पाळलं हो त्यांनी. घरात लुगडं आलं तर दोन आली. आंबा चिरला तर बाठासुद्धा द्वारकेच्या वाटीत. हळदीकुंकवाला द्वारकेला कुणी बोलावत नसे, तर तिथली खिरापत अनसूयाबाई पदराच्या गाठीत बांधून आणत.

बायका म्हणायच्या, "जाऊ असावी तर अनसूयेसारखी!"

ते ऐकून अनसूयाबाई मान खाली घालायच्या. पण माणसाला मान खाली घालता येते, कान कुठे मिटता येतात?

"पुढे?" माई म्हणाल्या.

"पुढे खडा."

मुतखडा. तो आधी अनसूयाबाईंना झाला आणि वर्ष सरायच्या आत द्वारकेला. आमच्या उन्हाच्या मुलखात त्याचं नवल नाही. पण नदीवर धुणं धुताना बायकांनी थट्टा केलीच. "घ्या! खडासुद्धा अर्धाअर्धा वाटून घेतला जावांनी!"

दोघींचे खडे जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलात काढले. तिथे इरावती नावाच्या डॉक्टरबाई होत्या. गोड बोलायच्या, समोरच्याचा हात हातात घेऊन बोलायच्या.

त्यांनी दोघींना समजावलं. "खडा काढला तरी पुन्हा होतो. तो होऊच नये म्हणून एक गोळी आहे. ती खरंच किती उपयोगी पडते, ते आम्हाला तपासायचंय. पाणी सगळ्यांनीच भरपूर प्यायचं. गोळ्याही सगळ्यांनाच मिळतील. पण काहींच्या बाटलीत औषधाच्या असतील, काहींच्या बाटलीत नुसत्या भुकटीच्या. कुणाच्या बाटलीत काय, ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. कळलं की मन फसवतं. सगळं संपलं की उघड करू."

"म्हणजे आमच्यातली एक उगाचच गोळ्या गिळणार?" अनसूयाबाईंनी विचारलं होतं.

"कदाचित दोघीही. कदाचित एकही नाही. फक्त एक करा… जिची बाटली तिनेच घ्यायची. कबूल?"

दोघींनी मान डोलावली.

माईंनी एक वात वळून ताटलीत ठेवली. "मग?"

"मला बरं वाटायला लागलं, माई. कुशीतली कळ कुठच्या कुठे पळाली. आणि द्वारकेचं मात्र अधूनमधून दुखायचंच. मी म्हटलं, झालं! खरं औषध माझ्या बाटलीत आलंय. तिच्या बाटलीत माती."

"तुला कसं कळलं?"

"…वाटलं."

वाटलं, आणि व्रत आठवलं. अनसूयाबाईंनी एक स्टीलचा डबा घासूनपुसून घेतला. दोन्ही बाटल्या त्यात रिकाम्या केल्या. गोळ्या हुबेहूब एकसारख्या. डबा खळखळ हलवला, देवापुढे ठेवला आणि द्वारकेला हाक मारली. "आजपासून दोघींनी यातल्याच घ्यायच्या."

द्वारका दारातच थबकली. "बाई, डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना, आपापली…"

"डॉक्टरबाईंना आपल्या घरची रीत काय ठाऊक? मी औषध खाऊ आणि तू माती खा, असं होय?"

"पण बाई…"

"घे म्हटलं ना! जगावेगळी आहेस अगदी. लोकांच्या जावा तोंडचा घास काढतात, मी देतेय तर हिचं पण नि परंतु."

द्वारकेनं हात पुढे केला.

बाटल्या हॉस्पिटलात न्यायचा दिवस आला, की अनसूयाबाई उरलेल्या गोळ्या पुन्हा दोन्हींत सारख्या भरत. त्यात खोटं काही आहे, असं त्यांच्या मनातही आलं नाही. देवाला सांगून केलेलं काम ते.

पावसाळ्याच्या शेवटी द्वारकेला थंडी वाजून ताप भरला. नवा खडा नळीत अडकून बसला होता. वर पू साचला. जीव वाचला, पण ती किडनी गेली. ती काढावी लागली. डब्यातल्या गोळ्या मात्र तशाच चालू राहिल्या.

अनसूयाबाईंनी तिची किती सेवा केली म्हणता! न्हाऊमाखू घातलं, पेज भरवली, रात्ररात्र पाय चेपले. आणि द्वारका हात जोडून म्हणायची, "बाई, तुमच्या वाट्याचं औषध तुम्ही मला दिलंत, म्हणून निदान जीव तरी राहिला माझा."

हे सांगताना अनसूयाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"परवा डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. अभ्यास संपलाय म्हणाल्या. कुणाच्या बाटलीत काय ते आता उघड झालंय…"

"हं."

"माझ्या बाटलीत काही नव्हतं, माई. नुसती भुकटी."

"आणि तिच्या?"

"…तिच्यात होतं."

आत समई तडतडली.

"मी तिला माझ्यातलं देत नव्हते, माई. माझ्याकडे द्यायला काही नव्हतंच. मी तिच्यातलं काढून घेत होते. रोज… देवापुढे बसवून."

"हे डॉक्टरणीला सांगितलंस?"

"नाही."

"जावेला?"

अनसूयाबाईंनी मान हलवली. नाही.

"डॉक्टरबाई बिचाऱ्या हळहळत होत्या. म्हणाल्या, 'द्वारकाबाईंना पुरतं औषध मिळूनही खडा झालाच. त्यांच्या अंगाला ते लागू पडत नाही. मग उगाच कशाला घ्यायचं? घरच्या मोठ्या म्हणून तुम्हाला सांगते, बंद करा. पाणी पाजा आणि राहिलेली एक किडनी जपा.' मी तोंड उघडलं, माई. देवाशप्पथ उघडलं. पण शब्द आला नाही."

"मग औषध बंद केलंस तिचं?"

"कालपासून."

माईंच्या बोटांतला कापूस तसाच राहिला.

"आणि मी पाणी सोडलंय," अनसूयाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "कालपासूनच. थेंब घेतला नाही. तुम्ही मला मोठं प्रायश्चित्त द्या. म्हणाल तितके निर्जळी उपास करीन. गिरनारला अनवाणी जाईन. काहीही सांगा, तेवढं एक…"

"तेवढं एक काय?"

"…तेवढं एक सांगायला लावू नका."

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शेजारचा तांब्या उचलून पुढे केला. "पाणी पी."

"नको, माई. व्रत आहे."

"मुतखड्याची बाई तू. पी."

"नको. मोडणार नाही मी."

माई उठल्या. गुडघ्यावर हात देत, कण्हत उठल्या. ऐंशी पार केलेलं शरीर ते. ओसरी उतरून त्यांनी तांब्या तुळशीत ओतला आणि परत येऊन बसल्या.

"मग मीही नाही घेणार," त्या म्हणाल्या. "तू घेशील, तेव्हाच घेईन."

अनसूयाबाईंना आधी ती थट्टाच वाटली. माई पुन्हा वाती वळू लागल्या.

ऊन वर चढलं. माईंना खोकला आला. त्यांनी पदर तोंडाशी धरला, खोकल्या, आणि पुन्हा कापूस हातात घेतला. दुसरी उबळ आली ती थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं, मान थरथरू लागली.

"माई, घोटभर घ्या हो!"

माईंनी नकाराचा हात केला.

"असं काय करता? या वयाला, या उन्हात… मी माझ्या पापाचं करतेय. तुम्ही कशाला? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तुझ्यासाठीच करतेय की." माईंचा आवाज खरखरला होता. "तुझं अर्धं दुःख कमी."

"पण मला नकोय ते! मी मागितलं होतं का तुमच्याकडे?"

माईंनी हातातली वात खाली ठेवली.

"तिनं मागितलं होतं?"

अनसूयाबाई भिंतीला टेकल्या.

"'पण बाई…' म्हणाली होती ती," त्या शेवटी म्हणाल्या.

"पुढे काय म्हणणार होती?"

"ठाऊक नाही. मी ऐकलंच नाही."

"इतक्या वर्षांत कधी?"

अनसूयाबाई आठवू लागल्या. आंब्याचा बाठा तिच्या वाटीत टाकताना तिला बाठा आवडतो का, हे कधी विचारलं नव्हतं. लुगड्याचा रंग विचारला नव्हता. खिरापत आणायच्या, तेव्हा ती परसात पाठमोरी बसून खायची. ती तशी का बसायची, तेही नाही. देण्याच्या सुखात सगळं राहून गेलं. त्या रडल्या नाहीत. रडायला अंगात पाणी हवं ना, बाई.

मग त्या उठल्या, माठाशी गेल्या, दोन फुलपात्री भरून आणली. एक माईंपुढे ठेवलं.

"आधी तू," माई म्हणाल्या.

अनसूयाबाईंनी फुलपात्र ओठांना लावलं. पाणी घशाखाली उतरताना दुखलं.

माईही प्यायल्या.

"मोडलं माझं व्रत," अनसूयाबाई पुटपुटल्या.

माईंनी फुलपात्र पालथं घातलं.

जरा वेळानं अनसूयाबाईंच्या चेहऱ्यावर आशा उजळली. "माई, असं केलं तर? डॉक्टरबाईंना फोन करते. सगळं सांगते… गोळ्या एकत्र केल्या, द्वारकेला अर्धंच औषध पोचलं, तुमच्या औषधाची चूक नाही. त्या ते पुन्हा चालू करतील. अभ्यासातही खरं काय ते लिहितील. त्या औषधाची वाट बघणारी इतर माणसं असतील, त्यांचंही नुकसान टळेल. हो ना?"

"कर."

"आणि द्वारकेला… तिला कळायला कशाला हवं? औषध तर सुरू होईल. उगाच त्या जिवाला दुखवायचं."

"किडनी कुणाची गेली, अनसूये?"

"…द्वारकेची."

माईंनी नवा कापूस हातात घेतला.

"ती मला देवासारखं मानते, माई. सकाळी उठून आधी माझ्या पाया पडते. हे कळलं तर माझ्या हातचं पाणी तरी घेईल का? एका छपराखाली राहायचंय आम्हाला. उरलेलं आयुष्य तिच्या डोळ्यांत कसं बघू मी?"

अनसूयाबाईंनी माईंचे पाय धरले.

"ती क्षमा करील ना? तुम्ही एवढंच सांगा. करील म्हणा. मग जाते मी. आत्ता जाते."

माईंनी ताटलीतल्या वाती सारख्या केल्या. त्या अंगणापलीकडे, उन्हानं पांढऱ्या पडलेल्या वाटेकडे बघत राहिल्या.

"मीही माझं पाप असंच सांगितलं होतं एकीला, खूप वर्षांमागं. ती पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही… तरी तू सांग, अनसूये."