धोत्र्याचं बोंड

फार पूर्वी एका डोंगरावर वानरांची टोळी राहत होती. तिथली तरणी पोरं धोत्र्याची बोंडं खाऊन झिंगत आणि कड्यावरून पडत. म्हणून म्हातारा हुप्प्या रोज संध्याकाळी पोरांना जमवून बोंड दाखवी आणि बजावी, "हे खाऊ नका!"

"आजोबा, मिळतं कुठं तेही सांगा की!" भुरी नावाची एक तरणी वानरी खिदळली.

आपणच तर यांना बोंड ओळखायला शिकवलं नाही ना, असं हुप्प्याच्या मनात आलं.

दुसऱ्या संध्याकाळी तो रिकाम्या हातानं आला आणि भुरीच्या पाठीवरल्या उवा काढत बसला.

"आज भाषण नाही?"

"दमलोय गं."

हळूहळू बाकीची पोरंही उवा काढून घ्यायला त्याच्यापुढं पाठ करून बसली. अंधार पडेपर्यंत कड्याकडे कुणी फिरकलं नाही.

"उद्याही काढाल?" भुरीनं विचारलं.

हुप्प्याची बोटं ठणकत होती. हे किती दिवस पुरेल, त्याला ठाऊक नव्हतं.

"ये," तो म्हणाला.