दाजीसाहेबांची अस्सल गाडी

कोल्हापूरचे निवृत्त न्यायाधीश दाजीसाहेब खर्डेकर यांचा आपल्या जुन्या परदेशी गाडीवर फार जीव. पण अलीकडे गिअर टाकला की आत धाडकन आवाज व्हायचा आणि सिग्नलला थांबलं की अख्खी गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. त्यांच्या पत्नी कुमुदबाईंची तर कंबरच धरली. "आता मी रिक्षानेच फिरेन," असं त्यांनी बजावलं, तेव्हा दाजीसाहेब नाइलाजाने त्यांना घेऊन गॅरेजात गेले.

मेकॅनिक बशीरभाईंनी बॉनेट उघडून पाहिलं. "साहेब, इंजिन ठणठणीत आहे. ते ज्या रबरांवर बसतं ती माउंटिंग फाटलीत. नवी टाकू."

"अजिबात नाही!" दाजीसाहेब कडाडले. "कंपनीतून आली तश्शी ठेवलीय मी. मूळचा भाग काढून दुसरा घातला, की ती माझी गाडीच राहिली नाही. आहे कुणाकडे उत्तर?"

या आवाजापुढे कोर्टात भलेभले वकील गप्प बसत. बशीरभाईंनीही निमूट बॉनेट खाली घेतलं. कुमुदबाईंना मात्र हसू आलं. या हट्टी माणसाच्या शेजारी बसून त्यांना अजून खूप हिंडायचं होतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुमचे दोन्ही गुडघे बदलले. म्हणजे तेव्हापासून मी रोज चहा देतेय, तो परक्या पुरुषाला की काय?"

बशीरभाईंनी हसू लपवायला तोंड फिरवलं. दाजीसाहेबांनी एकदा बायकोकडे, एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि ते खो खो हसत सुटले.

"टाका नवी, बशीरभाई! हिने बदललेला नवरा चालवून घेतला, मी बदललेली गाडी चालवून घेईन."