रानभेंडीकडचं स्थळ

कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळेच आमच्या वाफ्यात केवडा रोग शिरला! फार पूर्वीची गोष्ट. मी तेव्हा समतेवर भाषणं देणारी तरुण भेंडी होते. सगळ्यांची पानं पिवळी पडत चालली. आता वंश बुडणार, हे दिसत होतं. तेव्हा मधमाशीने बांधावरच्या रानभेंडीकडचं स्थळ आणलं. त्या घरात हा रोग कधी शिरलाच नव्हता.

“अंगभर कुसळं असलेली ती मंडळी आपल्यात चालायची का?” मी विचारलं.

“मग बस पिवळी होऊन!” मधमाशी म्हणाली.

मी मुकाट्याने होकार दिला. पुढे लेक उगवली ती हिरवीगार. मी वाफाभर सांगत सुटले, “हे सगळे माझे संस्कार!”

लेकीच्या अंगावर चढणारी मुंगी कळवळून म्हणाली, “ताई, तुमचे संस्कार पायाला फार टोचतात हो!”