शलमोन पंचांचा उजवा पाय

भाविकहो, त्या वर्षीचा उन्हाळा नम्रदास महाराजांनी तांबखडी गावात काढला. गाव लहान, विहिरी तळाला गेलेल्या, आणि चर्चच्या पडवीत महाराजांची घोंगडी. महाराज ख्रिस्तभक्त. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तेवढे कळले की बाकीचे शास्त्र नाही कळले तरी चालेल, असे ते म्हणत. म्हणून जिथे मुक्काम असेल तिथे पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, ते गावातल्या बारा माणसांना बाकावर बसवून त्यांचे पाय धूत.

हे बारा कोण, ते ठरवायचे चर्चच्या पंचांनी. पंच म्हणजे शलमोन त्रिभुवन. नाव राजाचे आणि आडनावात तिन्ही लोक. मग अंगात वारे शिरायला कितीसा वेळ लागणार? पहिले नाव त्यांनी स्वतःचेच लिहिले, आणि लिहिल्यावर उजवा पाय हळूच मागे ओढून घेतला.

कारण असे, की तीन आठवड्यांपूर्वी पंचांच्या उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. पाय सुजून टम्म झाला, पिकला, वास मारू लागला. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, चिरून काढू. चाकू पाहताच पंच मागच्या दाराने पसार झाले. डॉक्टरांनी मागून ओरडून सांगितले, "आठ दिवसांत काटा निघाला नाही, तर पाय घोट्यापासून कापावा लागेल." त्यातला आठवा दिवस नेमका पवित्र गुरुवारी येत होता. पंचांनी नवे बूट घेऊन पाय त्यात कोंबला. बायकोने वासाचे विचारले तर म्हणाले, "नव्या कातड्याचा आहे. तुला काय कळतंय त्यातलं?"

वास्तविक असल्या पायाला गावात माणूस होते. तबिथाबाई नावाची एक विधवा होती. खरजेची पोरे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या, ज्यांना घरचेही शिवत नसत त्यांच्या जखमा ती कडुलिंबाच्या पाण्याने धूत असे. पंचांचे लंगडणे तिच्या नजरेतून सुटले नव्हते. ती म्हणाली, "दादा, पाय दाखवा बरं. काटा आत पिकलाय."

"साऱ्या गावचा पू तुझ्या हाताला," पंच म्हणाले, "आणि तो माझ्या पायाला लावू? पायरी ओळखून राहावं माणसानं."

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण पुढच्या रविवारी चर्चमध्ये वास दरवळला, लोक नाक धरून इकडेतिकडे पाहू लागले, आणि पंचांनीच पहिले बोट दाखवले. "ही बाई जखमा धुऊन तशीच उपासनेला येते. हिनं आजपासून दाराबाहेर बसावं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आणि तबिथाबाईला ते खरेच वाटले हो. तिने आपला पदर हुंगून पाहिला आणि मुकाट्याने बाहेर चपलांपाशी जाऊन बसली. सांगताना आजही वाईट वाटते.

पवित्र गुरुवार उजाडला. महाराजांसमोर पाय मळके कसे न्यायचे, म्हणून अकरा जण पहाटेपासून दगडाने टाचा घासत होते. एकाने तर पायाला अत्तर लावले. महाराज घंगाळ घेऊन खाली बसले, पहिला पाय हातात घेतला आणि हसू लागले.

"अरे, धुतलेलेच पाय मला धुवायला देता? उद्या देवालाही सगळं घासूनपुसून दाखवाल. मग त्यानं काय करायचं, नुसती वाहवा?"

तरी एकेक करून अकरा जणांचे पाय धुऊन झाले. पाणी मोजकेच होते, ते संपत आले. पंच मुद्दाम शेवटी बसले होते. महाराज थकलेले असतील, एका पायावर भागेल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी डावा पाय पुढे केला, तो धुऊन झाला आणि पंच लगबगीने उठू लागले.

"दुसरा?" महाराज म्हणाले.

"एक पुरे आहे, महाराज. पाण्याची टंचाई आहे."

"शिष्य पेत्र तर प्रभूला हात आणि डोकंसुद्धा धुवा म्हणाला होता. तू एक पाय चोरतोस?"

महाराजांनी बूट धरून ओढला. बूट हलेना. अत्तरवाल्याने ओढला, मग तिघांनी मिळून ओढला. बाक वरच्या माणसांसकट दोन हात पुढे सरकला, पण बूट जागचा हलला नाही. पंचांच्या डोळ्यांत पाणी आले. ते भक्तीचे आहे असे वाटून मागच्या बायकांनी भजन धरले.

तेवढ्यात दाराबाहेरून तबिथाबाई म्हणाली, "ओढू नका. कातडं बुटातच राहील."

महाराजांनी तिला आत बोलावले. तिने कमरेचा विळा काढून बूट एका बाजूने हळूच चिरला. बूट उघडला, आणि अकराच्या अकरा जण खिडकीपाशी गेले. इतके दिवस कुणाचा वास येत होता, ते गावाला न सांगता कळले. बायकांचे भजन मध्येच थांबले. पाय घोट्याखाली काळा पडू लागला होता.

घंगाळ रिकामे. तबिथाबाईपाशी पिण्याच्या पाण्याचा एक तांब्या होता, तो तिने पुढे केला. महाराजांनी डोळे मिटून प्रभूचे नाव घेतले आणि धार धरली. ती बोटांनी पू काढत होती, पंच देवाला आणि आईला आळीपाळीने हाका मारत होते, आणि धार काही थांबत नव्हती. घंगाळ भरून वाहू लागले, फरशी भिजली, तरी तांब्यातले पाणी सरेना. शेवटी बोटभर काटा आपसूक वर आला आणि त्या पाण्याखाली पायाचा काळेपणा उतरत गेला. पाहणाऱ्यांनी हात जोडले.

तबिथाबाईने पदराची पट्टी फाडून पाय बांधला. पंच महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले, तर महाराज मागे सरले.

"पाणी देवानं पुरवलं. पण पू काढायला त्याला हात लागले, ते हिचे. मी नुसता तांब्या धरला होता."

पंच उभे राहिले. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "वास माझ्या पायाचा होता. बाईचा नव्हता. मला ठाऊक होतं."

त्यांनी तबिथाबाईला बाकावर आपल्या जागी बसवले. ती म्हणाली, "अहो दादा, माझे पाय शेणामातीचे आहेत." पंच म्हणाले, "म्हणूनच." बांधलेला पाय एका बाजूला काढून ते कण्हत खाली बसले. आयुष्यात कुणाचे पाय धुतलेले नव्हते; पहिल्याच धारेला त्यांनी बाईचे अर्धे लुगडे भिजवले.

"टाचेपासून धरा, दादा," तबिथाबाई हळूच म्हणाली. "आणि भेगा आहेत, जरा बेतानं."

पंच बेताने धुऊ लागले. मान ताठ ठेवून कुणाचे पाय धुता येत नाहीत. भेगा दिसाव्यात म्हणून त्यांना आणखी खाली वाकावे लागले, आणि ते वाकले.

ज्या प्रभूने शिष्यांचे पाय धुवायला कमरेला रुमाल बांधला, तो तुमच्या आमच्या हातांनाही असेच काम देवो.