देवाचा वळू आणि शेजारचा कोंडवाडा

फार जुनी गोष्ट. एका गावाने महादेवाला वळू सोडला होता. देवाचाच म्हटल्यावर दारोदार त्याला पेंड, सरकी आणि सणाला पुरणपोळी. हळूहळू तो इतका फुगला की गायींकडे जायचं सोडून पाराखाली धापा टाकत बसे. तीन वर्षं गावात वासरू जन्मलं नाही. पंचांनी निदान केलं, अशक्तपणा आहे, खुराक दुप्पट करा.

एक दिवस वळू शेजारच्या गावच्या उसात शिरला. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. त्यांनी त्याला कोंडवाड्यात घातला आणि सहा महिने बेताचा कडबा दिला. सुटून आला तेव्हा त्याचं पोट आत गेलं होतं आणि चाल बदलली होती.

वर्षभरात गावात अकरा वासरं झाली. देव पावला म्हणून पंचांनी वळूला हार घातला आणि पुढ्यात पुरणपोळ्यांची टोपली ठेवली.

"ही करामत कडब्याची आहे," वळू कपिला गायीला म्हणाला. "यांना सांगायचं कसं?"

कपिलेने रवंथ थांबवलं. "सांगू नका, देवा. भक्तांचं मन मोडेल. टोपली संपवा आणि उद्या पुन्हा त्या उसात शिरा."