माळेवाडीचं शहर

आमच्या माळेवाडीचं एका रात्रीत शहर झालं. उपग्रहाच्या फोटोवरून कॉम्प्युटरने तालुक्याचा नकाशा रंगवला. त्यात आमचं शिवार लाल, म्हणजे पक्की घरं. अवकाळीच्या भीतीने आम्ही द्राक्षबागांवर पांढरं प्लास्टिक ताणलं होतं, कॉम्प्युटरला ती छपरं वाटली. गाव शहर ठरलं की गायरानावर प्लॉट पडणार, मग धनगरांच्या मेंढ्यांनी चरायचं कुठं?

सरपंच यमुनाबाई खराडे मला घेऊन तालुक्याला गेल्या. नकाशाचं काम बघणारे कुलथे साहेब खुर्चीतून हलले नाहीत.

"बाई, उपग्रह आभाळातून बघतो. तो चुकत नाही."

"मग साहेब, त्यात तुमची कचेरी दाखवा की."

साहेबांनी ऐटीत नकाशावर बोट ठेवलं. बोटाखाली गर्द हिरवा रंग होता. कचेरीवर जुन्या चिंचांचा असा मांडव आहे की वरून कौल दिसत नाही.

"हिरवा म्हणजे काय हो?"

"जंगल," साहेब पुटपुटले.

यमुनाबाई उठल्या आणि मला म्हणाल्या, "चला अण्णा, वनखात्यात जाऊ. या साहेबांनी जंगलात अतिक्रमण करून खुर्ची मांडलीय, अशी तक्रार देऊ. उपग्रह साक्षीला आहेच, आणि तो चुकत नाही."

दारातले कारकून हसले. साहेबांनी आधी पाणी मागवलं, मग जीप. त्या दुपारी ते आमच्या बागेत प्लास्टिकखाली वाकून चालले आणि गायरानापर्यंत आले. नकाशा दुरुस्त झाला, गायरान राहिलं. पुढच्या वर्षी नकाशा रंगवण्याआधी कुलथे साहेब स्वतः गावोगाव फिरले. माणूस वाईट नव्हता.