पिंपळथरला न्यायचा स्पीकर

“पण बाबा, तुमचा आवाज यातल्या कुठल्यातून खरा वाटतो, तेवढं तरी सांगाल?”

निरंजन हा प्रश्न सकाळपासून विचारत होता आणि दर वेळी शिवगीरबाबा त्याला उलट दुसरंच काहीतरी विचारत होते. एकदा ताक उरलंय का म्हणून, एकदा गाय सोडली का म्हणून. या वेळी त्यांनी नुसतंच घोंगडीकडे पाहिलं.

मठाच्या ओसरीवर ती घोंगडी अंथरली होती आणि तिच्यावर ओळीने तीन स्पीकर मांडले होते. एक मोठा, काळा चकचकीत. एक मधला, चष्म्याच्या घरासारखा मिटणारा. आणि एक अगदी धाकटा, लोण्याच्या डब्याएवढा. कराडच्या दुकानदाराने ओळखीवर तिन्ही दिले होते. पसंत पडेल तो ठेवा, बाकीचे आणून द्या म्हणाला होता.

निरंजनच्या हातात त्याचा म्युझिक प्लेअर होता. काडेपेटीहून थोडा मोठा. लोक त्यात गाणी भरतात, याने शिवगीरबाबा भरले होते. गेल्या आठ वर्षांत मठात कोणी काहीही विचारलं आणि बाबांनी काहीही उत्तर दिलं, तरी ते रेकॉर्ड होऊन त्या डबीत जाऊन बसलं होतं. आता ती डबी स्पीकरच्या खाचेत उभी करायची, बटण दाबायचं, की बाबा बोलू लागणार. पाहिजे तिथे उचलून नेता येतील असे बाबा.

मठात येण्याआधी निरंजन पुण्यात एका दुकानात स्टिरिओ विकायचा. स्पीकरचा विषय निघाला की त्याच्यातला विक्रेता जागा होई आणि साधक आत जाऊन झोपे. सकाळपासून त्याने बाबांना खर्ज, टीप, घुमारा सगळं समजावून सांगितलं होतं. बाबांनी ते शेंगा सोलत ऐकून घेतलं होतं.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, तर उद्या सकाळी निरंजनला पिंपळथरला जायचं होतं. डोंगरापलीकडच्या त्या गावाने एक खोली बांधली होती आणि मठाकडे माणूस मागितला होता. लोकांचे चार शब्द ऐकून घेणारा, चार शब्द सांगणारा. बाबा म्हणाले, निरंजन येईल. त्या दिवसापासून निरंजनला नीट जेवण जात नव्हतं.

त्याला कारण होतं. मागच्या वर्षी बाबा तापाने पडले, तेव्हा एक दुपार निरंजन गादीवर बसला होता. एक म्हातारा चढ चढून आला आणि म्हणाला, नातू माझ्याशी बोलत नाही, काय करू? एरवी कुठल्याही ग्रंथावर तासभर बोलणाऱ्या निरंजनच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. बाबा बरे झाले की या, एवढं कसंबसं म्हणाला. म्हातारा पाणीसुद्धा न पिता उतरून गेला.

म्हणून पिंपळथरच्या गादीवर स्पीकर ठेवायचा, कोणी काही विचारलं की बाबांचं उत्तर शोधून लावायचं, असा त्याने बेत केला होता. लोकांना मात्र तो सांगे, गुरूच्या शब्दात आपली भेसळ नको. असं म्हणताना त्याची मान थोडी वर होई. भीतीचं तो कोणाला सांगत नव्हता.

“ऐका तर,” असं म्हणून त्याने प्लेअर मोठ्या स्पीकरवर बसवला.

बाबांचा आवाज असा घुमला की गोठ्यातल्या गाईने मान वर केली. संसारात राहून मन कसं मोकळं ठेवावं, याबद्दल काही चाललं होतं.

बाबांनी लक्ष देऊन ऐकलं.

“हा कोण?”

“तुम्हीच, बाबा.”

“हं… फार खात्रीने बोलतो.”

निरंजनने मुकाट्याने प्लेअर काढला आणि मधल्यावर ठेवला. तेच वाक्य, पण आता बाबांना सर्दी झाल्यासारखं वाटत होतं. मग त्याने धाकट्यावर ठेवला. धाकट्यातून बाबा पलीकडच्या खोलीतून बोलत असावेत तसे ऐकू आले. हा आपला उगाच आणलाय, दुकानदाराने गळ्यात घातला, असं निरंजन म्हणाला आणि पुन्हा मोठ्याचे गुण सांगू लागला.

तेवढ्यात पायऱ्यांवर बांगड्या वाजल्या.

खालच्या गावची हौसाबाई वर येत होती. वर येऊन तिने बाबांच्या पाया पडून पदराने तोंड पुसलं आणि खांबाशी बसली. तिला धाप लागली होती, पण ती दम घ्यायला थांबली नाही.

“बाबा, माज्या लेकीचं लगीन ठरलंय. अन् जाऊ माज्याशी बोलत न्हाई, दोन वर्सं झाली. घाणा भरायला तिला बोलवाय मी जाऊ का नको?”

घाणा म्हणजे लग्नाआधी घरच्या सुवासिनींनी गाणी म्हणत मुसळाने हळद कांडायची. तिथे सख्खी जाऊ नसली तर सारी आळी बघते. पण हौसाबाईला आळीची पर्वा नव्हती. पोरगी तिच्यापेक्षा तिच्या जावेच्याच कडेवर वाढली होती, आणि चुलती आली नाही तर मी हळद लावून घेणार नाही असं पोरगीने सांगून टाकलं होतं. भांडण आडावर झालं होतं. कोण काय बोललं, ते आता दोघींनाही धड आठवत नव्हतं.

“एकदा बोलवाय गेले अन् ती न्हाई म्हनाली, तर मग संपलंच की,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

बाबांनी हळूच हनुवटीने स्पीकरकडे खूण केली.

निरंजन गडबडला. पण हीच तर परीक्षा होती, आणि तीसुद्धा बाबांच्या देखत. त्याने प्लेअर घाईघाईने मोठ्या स्पीकरवर बसवला आणि यादी वर-खाली करू लागला. सगळी नावं त्याने स्वतःच दिली होती. विषयवार, पद्धतशीर. फक्त प्लेअरच्या छोट्या पडद्यावर नावाचा पहिलाच शब्द दिसत होता. ‘जाऊ’ लगेच सापडलं. त्याने सुटकेचा श्वास सोडून बटण दाबलं.

“जायचंच असेल तर जा,” बाबा घुमले. “पण एकदा विमानात बसलास की मागं वळून बघू नकोस. तिकडे ऊन फार. पाणी भरपूर पीत जा.”

हौसाबाईने आधी स्पीकरकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“इमानात? अवो, ती पलीकडच्या आळीत ऱ्हाती.”

दुबईला निघालेल्या एका पोराने मी जाऊ का म्हणून विचारलं होतं, त्याचं हे उत्तर. ‘जाऊ’ आणि ‘जाऊ का’ ही दोन्ही पडद्यावर सारखीच दिसत होती. निरंजनचे कान तापले. त्याने ते बंद केलं आणि ‘शेजार’ लावलं.

“दाराला कडी लाव,” बाबा म्हणाले. “दोन दिवस भाकरी टाकू नकोस, म्हणजे आपोआप यायची बंद होईल.”

“ते शेजारच्या मांजरीबद्दल आहे,” निरंजन घाईघाईने म्हणाला.

हौसाबाईने मान हलवली, पण तिला काही ते पटलेलं दिसत नव्हतं. निरंजनच्या कपाळावर घाम आला. बाबा गाईकडे बघत होते आणि त्यांची दाढी थोडी थोडी हलत होती. त्याने ‘भांडण’ लावलं. आधी भांड्यांचा खडखडाट झाला आणि मग बाबांचा आवाज आला.

“निरंजन, तुझ्या खिशात तो तांबडा दिवा कसला लुकलुकतोय?”

त्यावर निरंजनचाच आवाज म्हणाला, “काही नाही, बाबा.”

निरंजनने झटकन प्लेअर उपटला.

हौसाबाईने पदर सावरला. गुडघ्यावर हात देऊन उठत ती म्हणाली, बाबांचं आज काही वेगळं चाललेलं दिसतंय, मी पुन्हा कधी येईन. आवाजात राग नव्हता. दमलेल्या माणसाचं बोलणं होतं ते. ती पहिल्या पायरीपर्यंत गेली.

पाठमोरी माणसं निरंजनने याआधी पाहिली होती. त्याला ते सहन होईना.

“थांबा,” तो म्हणाला.

ती थांबली. आता पुढे काय बोलायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा शेंगा सोलत होते.

“मुसळ…” निरंजन म्हणाला. “घाण्याला मुसळ लागतं ना? तुमच्या जावेकडे आहे का?”

“हाय की. सासूचं. साऱ्या आळीत तसं न्हाई.”

“मग बोलवायला जाऊ नका. मुसळ मागायला जा.”

हौसाबाई वळून दोन पावलं मागे आली.

“माझी आई असंच करायची,” तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला घरचं स्वयंपाकघर दिसू लागलं. “शेजारणीशी वाजलं की दोन दिवस धुसफुस. तिसऱ्या दिवशी वाटी घेऊन तिच्या दारात. म्हणायची, जरा विरजण देता का? घरात दह्याचं गाडगं भरलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, आई, दही आहे की. तर मला म्हणाली, गप बस.”

“पन माज्या घरी दोन मुसळं हायती.”

“तिला ठाऊक आहे?”

“तिला ठाऊक नसंल व्हय!”

“मग फारच बरं.”

हौसाबाईच्या तोंडावर हसू आलं. आधी थोडं, मग पदराआड मावेना इतकं. ती म्हणाली, सासूचं मुसळ ती एकटं कुठंच धाडायची न्हाई, त्याच्यासंगं यील अन् कांडायलाच बसंल. एवढं बोलून ती जी सुटली, ती पाया पडायचंही विसरली. चढताना लागलेली धाप उतरताना कुठे गेली कोण जाणे. बांगड्यांचा आवाज थेट पायथ्याच्या वडापर्यंत ऐकू येत होता.

निरंजन तिकडे बघत उभा होता. मग एकदम भानावर येऊन तो खाली बसला.

“बाबा… मी काही चुकीचं तर नाही ना सांगितलं?”

“मला काय विचारतोस? मी ऐकत होतो.”

“म्हणजे… तुम्ही काय सांगितलं असतंत?”

बाबांनी विचार केला. खरोखरच केला.

“काही सुचलं नव्हतं मला,” ते म्हणाले.

निरंजनला हे ऐकून आधी भीती वाटली. आणि मग, का कोण जाणे, फार बरं वाटलं. इतकं बरं त्याला मठात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं. त्याने समोरच्या सोललेल्या शेंगांतले दाणे उचलून तोंडात टाकले. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

“ते विरजणाचं…” बाबांनी डबीकडे बोट दाखवलं. “यात आहे?”

“नाही.”

“का?”

“तुम्ही कधी बोललाच नाहीत ना ते.”

“हं…”

गाय हंबरली. तिला सोडायची खरंच राहिली होती. निरंजन उठून तिला सोडून आला. घोंगडीवरचे तीन स्पीकर तसेच वाट बघत होते, आणि सकाळचा प्रश्नही तसाच होता. शेवटी दुकानदाराला काहीतरी कळवायला हवं होतं.

“मग बाबा, कुठला नेऊ?” त्याने विचारलं. सकाळइतका जोर आता त्याच्या आवाजात नव्हता. “हा मोठा एकदा चार्ज केला की दिवसभर बोलतो. मधला संध्याकाळपर्यंत टिकतो.”

बाबांनी वाकून धाकटा उचलला. उलटासुलटा करून पाहिला.

“आणि हा?”

“तो नको, बाबा. तासाभरात मान टाकतो. मग पुन्हा चार्जरला लावून ठेवावा लागतो.”

बाबांनी धाकटा स्पीकर धोतराच्या सोग्याने पुसला आणि निरंजनच्या हातात ठेवला.

“हाच ने,” ते म्हणाले. “चार्जर इथं ठेवून जा.”